मानस, तळे आणि शरदातील पाहुणे पक्षी

आश्विन सरत आला की गोव्यातील सखल शेतांचे रूप पालटू लागते. पावसाळी सरद पिकाची कापणी उरकते, मळणीचा गलबला शांत होतो, भाताच्या धसकटांतून पाण्याची पातळ पट्टी चमकू लागते आणि एखाद्या सकाळी बांधावरून जाणाऱ्या शेतकऱ्याला शेपटी सतत खालीवर हलवीत धावणारा धोबी पक्षी दिसतो. काल तो तेथे नव्हता. त्यानंतर काही आठवड्यांत तळ्याच्या मध्यभागी तपकिरी ठिपक्यांचा एक पुंजका उतरतो. जवळून पाहता ती बदके असल्याचे ध्यानात येते. गावात त्यांच्या येण्याची दवंडी पिटली जात नाही. तरीही दरवर्षी त्याच सुमारास, त्याच पाण्यावर हे पाहुणे हजर होतात.

पाहुण्या पक्ष्यांचे येणे हा सर्वस्वी निसर्गाचा व्यवहार होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. पक्ष्यांचे येणे निसर्गाच्या हाती असले, तरी त्यांचे राहणे पुष्कळ अंशी गावाच्या हाती असते. अधिक नेमके सांगावयाचे तर, ते मानशीच्या फळ्यांवर अवलंबून असते. मानस म्हणजे बांधातील ते दार, ज्यातून पाणी आत घेतले जाते, अडविले जाते वा बाहेर सोडले जाते. हे दार केव्हा लावावयाचे, केव्हा उघडावयाचे आणि किती पाणी ठेवावयाचे, या निर्णयाचा पक्षिजीवनाशी असलेला संबंध समजावून घेणे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

पाहुणे का येतात?

सायबेरिया, मध्य आशिया आणि हिमालयापलीकडील प्रदेश यांत उन्हाळा अल्पकाळ टिकतो. परंतु त्या अल्पकाळात दिवस मोठे असतात, किडे विपुल असतात आणि पिलांना वाढविण्यास मोकळी जागा मिळते. म्हणून असंख्य पक्षी तेथे घरटी करतात. पुढे शरद ऋतू येताच तेथील पाणी गोठू लागते, चिखल कठीण होतो आणि किडे दिसेनासे होतात. दाट पिसांच्या पक्ष्याला थंडी सोसता येते, उपासमार मात्र सोसता येत नाही. स्थलांतराचे मूळ कारण थंडीपेक्षा अन्नाच्या अभावात आहे, हे विद्यार्थ्यांनी आरंभीच लक्षात घ्यावे.

निघण्याची सूचना पक्ष्याला दिवसाच्या लांबीवरून मिळते. दिवस लहान होऊ लागले की त्याच्या शरीरात बदल घडतात, भूक वाढते व कातडीखाली चरबी साठते. हीच त्याची प्रवासाची शिदोरी होय. मार्ग शोधताना सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांचा पक्ष्यांना उपयोग होतो, असे प्रयोगांतून आढळून आले आहे. उत्तरेकडून भारतात येणाऱ्या पक्ष्यांच्या मार्गसमूहास ‘मध्य आशियाई उड्डाणमार्ग’ असे म्हणतात. तो सुमारे तीस देशांवरून जातो. याच मार्गाने येणारा पट्टकदंब हंस हिमालय ओलांडताना सुमारे सात हजार मीटर उंचीपर्यंत जात असल्याची नोंद आहे. १९६०च्या दशकात मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ या १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेने डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी घातली. त्यांपैकी काही पक्षी पुढे दूर उत्तरेच्या प्रदेशांत सापडले आणि या प्रवासाचा पुरावा हाती आला.

गोव्यात पाहुण्यांचे आगमन एकदम होत नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून चिखलात वावरणारे तुतवार व चिखल्या दिसू लागतात. सप्टेंबरमध्ये करडा धोबी ओढ्याकाठी येतो, तारांवर भिंगऱ्यांच्या रांगा बसतात. ऑक्टोबरात दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी शेतांवर तरंगत फिरू लागतो. तलवार बदक, भुवई बदक, थापट्या, चक्रांग ही बदके त्यानंतर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येतात. मार्च-एप्रिलमध्ये बहुतेकांची परतीची वाट सुरू होते.

तळ्यावर दिसणारा प्रत्येक पक्षी परदेशी नसतो, हेही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. अडई हे शीळ घालणारे बदक, जांभळी पाणकोंबडी, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, टिबुकली, पाणकावळा, बगळे आणि ब्राह्मणी घार हे याच देशाचे रहिवासी होत. त्यांपैकी काही पाण्याच्या शोधात एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जातात, इतकेच. पाहुण्यांना जे पाणी लागते, तेच या घरच्या मंडळींनाही लागते.

माणसाने अडविलेले पाणी

पक्ष्यांची आश्रयस्थाने म्हटली की घनदाट अरण्य डोळ्यांपुढे येते. परंतु पाणपक्ष्यांच्या बाबतीत पाहू गेल्यास, त्यांची कितीतरी उत्तम ठिकाणे शेतीसाठी वा पिण्यासाठी माणसानेच अडविलेल्या पाण्याची आहेत.

केपे तालुक्यातील कुडचडे येथील नंदा तळे हे याचे बोलके उदाहरण आहे. जुवारी नदीच्या एका प्रमुख उपनदीलगत असलेली ही गोड्या पाण्याची पाणथळ जागा सुमारे ४२ हेक्टरांची आहे. पावसाळ्यात तेथे पाणी कमी ठेवून भाताची लागवड केली जाते. पावसाळा संपल्यावर दार लावून पाणी साठविले जाते. म्हणजे एकच जमीन वर्षातील काही महिने शेत असते आणि उरलेले महिने तळे असते. पाण्याच्या दिवसांत तेथे अडई, छोटा पाणकावळा, कांस्यपंखी कमळपक्षी, काळ्या डोक्याचा शराटी, मध्यम बगळा, खंड्या, तारेसारख्या शेपटीची भिंगरी इत्यादी पक्षी आढळतात. १९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी ठेवली जाते. त्या यादीत २०२२ साली नंदा तळ्याचा समावेश झाला आणि गोव्याला पहिले रामसर स्थळ लाभले. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या दाराचाच हा गौरव आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तिसवाडीतील करमळीचे तळे पक्षिनिरीक्षकांना फार पूर्वीपासून परिचित आहे. शेतीसाठी साठविलेल्या या पाण्यात रानभात उगवते, पाणवनस्पती पसरतात आणि त्यांच्या आडोशाने अडई व जांभळ्या पाणकोंबड्या वावरतात. तळ्याजवळूनच कोकण रेल्वेचा मार्ग जातो. करमळी स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशालाही हे तळे दूर नाही. मांडवीतील चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला १९८८ साली घोषित झालेले १.७८ चौरस किलोमीटरचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तेथे खारफुटीच्या मुळांतून बगळे, खंड्ये आणि तुतवार आपले भक्ष्य शोधतात. रायबंदरहून फेरीबोटीने तेथे जाता येते.

याखेरीज गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन असल्याचे सांगण्यात येते. पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीच गावकऱ्यांनी खाडीकाठी मातीचे बांध घालून ही जमीन खाऱ्या पाण्यापासून सोडविली. खाजनातील मानशीची रचना मोठी कौशल्याची आहे. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने दार मिटते. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या रेट्याने ते उघडते आणि जादा पाणी बाहेर जाते. बांध, मानस, भात, मासळी आणि पक्षी ही त्या एकाच व्यवस्थेची अंगे आहेत.

गोव्याबाहेर जेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत, त्या शहरांच्या परिसरातही हाच अनुभव येतो. बडोदे संस्थानाने १९१० साली डभोई तालुक्यात बांधलेला वढवाणा जलाशय सिंचनासाठी होता. आज हिवाळ्यात तेथे हजारो पाणपक्षी उतरतात आणि २०२१ साली तो रामसर यादीत आला. इंदूरच्या होळकर संस्थानाने विसाव्या शतकाच्या आरंभी निर्माण केलेले सिरपूर तळे आणि इंदूरला पाणी पुरविणारा यशवंतसागर यांचा समावेश २०२२ साली झाला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर या दोन शहरांना ‘पाणथळ नगर’ म्हणून रामसर कराराची मान्यता मिळाली. भारतातील शहरांना लाभलेला तो पहिलाच मान होता. ही तळी बांधणाऱ्यांच्या मनात बदके नव्हती. पाणी मात्र होते, आणि ते नीट राखले गेले म्हणून पक्षी आले.

पाण्याची खोली आणि पक्ष्याची चोच

मानशीचा आणि पक्ष्यांचा संबंध कोठे जुळतो? तो पाण्याच्या खोलीत जुळतो. पक्ष्याचे पाय, मान व चोच यांची घडण पाहिली की त्याला किती पाणी हवे, हे सहज कळते.

चिखल्या व धोबी यांना ओला चिखल पुरे. पाणी बोटभरही नसले तरी चालते. तुतवार व पाणलावा यांना दोनचार बोटे पाण्याखालचा मऊ गाळ हवा असतो, कारण त्यातील किडे चोचीने टिपून वा उपसून काढावयाचे असतात. बगळे, शराटी आणि मुग्धबलाक घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात चालतात. मुग्धबलाकाच्या चोचीच्या दोन भागांत फट असते. ती चोच गोगलगायी व शिंपले खाण्यास सोयीची आहे. कमळपक्ष्याची बोटे अतिशय लांब असल्यामुळे त्याचे वजन तरंगत्या पानांवर विभागले जाते. त्याला पानांनी आच्छादलेले संथ पाणी लागते.

तलवार बदक, भुवई बदक आणि चक्रांग ही बदके बुडी मारून खोलवर जात नाहीत. डोके पाण्यात व शेपटी वर अशी उलटी होऊन ती तळाचे बी व किडे खातात. त्यांची मान जेथवर पोहोचेल, तेथवरच त्यांचे ताट वाढलेले असते. म्हणून सुमारे वीतभर ते हातभर पाणी त्यांना सोयीचे पडते. तलवार बदकाची मान लांब असल्याने ते इतरांपेक्षा थोड्या अधिक खोलीतून खाऊ शकते. थापट्या आपल्या पसरट चोचीने पृष्ठभागावरील पाणी गाळून खातो. टिबुकली, पाणकावळा आणि कपाळावर पांढरा टिळा मिरविणारा वारकरी हे मात्र बुडी मारणारे असल्यामुळे अधिक खोल पाण्यातही त्यांचे भागते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. तळे काठोकाठ भरून ठेवले म्हणजे सर्व पक्षी येतील, असे नाही. दार एकदम उघडून तळे दोनचार दिवसांत कोरडे केले, तर बदके उठून जातात आणि उघडा पडलेला चिखल लवकरच वाळून तुतवारांच्याही उपयोगाचा राहत नाही. पाणी हळूहळू, टप्प्याटप्प्याने उतरत गेले तर मध्यभागी बदके, कडेला बगळे आणि काठच्या चिखलात तुतवार अशी पंगत एकाच वेळी बसते. पातळी सावकाश उतरविण्यास स्वतंत्र निधीची वा यंत्राची आवश्यकता नसते. मानशीच्या फळ्या किती व केव्हा काढावयाच्या, एवढाच निर्णय असतो.

मतभेद कोठे उद्भवतात?

हा निर्णय दिसतो तितका सोपा मात्र नाही. दारावर अनेकांचा हक्क असतो आणि प्रत्येकाची निकड वेगळी असते. उन्हाळी वायंगण शेती करणाऱ्याला पाणी वेळेवर हवे असते. पुढील लागवडीसाठी जमीन तयार करणाऱ्याला ते वेळेवर उतरावयास हवे असते. मासळीचा लिलाव घेणाऱ्याला दाराजवळ मासे मिळावेत असे वाटते. खाजनात अधिक मासळीच्या लोभाने खारे पाणी नको तितके आत घेतल्यास शेताची नासाडी होते, हा अनेक गावांचा अनुभव आहे. जांभळ्या पाणकोंबड्या कोवळ्या भाताचे नुकसान करतात, ही शेतकऱ्याची तक्रारही निराधार नाही. तिच्याकडे दुर्लक्ष करून संरक्षणाचा उपदेश केल्यास तो कोणाच्याही गळी उतरणार नाही.

जेथे शेती सोडून दिली जाते, तेथे अडचण अधिकच वाढते. कसणारा उरला नाही की बांधाची डागडुजी थांबते, खांड पडते, खारे पाणी शेतात शिरते आणि कालांतराने तेथे खारफुटी उगवते. खारफुटी ही स्वतः मोलाची वनस्पती आहे, चोडणचे अभयारण्य तिच्यावरच उभे आहे. परंतु उघड्या शेतात उतरणारे धोबी, पाणलावे व तुतवार खारफुटीच्या दाटीत उतरत नाहीत, आणि गेलेले भातशेतही सहजी परत मिळत नाही. अशा प्रकारे बांध फुटला की शेतकऱ्याचे पीक आणि पक्ष्याचे ताट ही दोन्ही एकाच वेळी जातात. शेतकरी व पक्षी यांचे हित परस्परविरोधी आहे असे मानणाऱ्यांनी या वस्तुस्थितीचा विचार करावा.

कायद्याची मर्यादाही येथे समजून घेतली पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि अंडी घेणे, त्यांचा नाश करणे व घरटी विसकटणे यांचाही शिकारीच्या व्याख्येत अंतर्भाव होतो. पाणथळ जागांसाठी २०१७ सालचे स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार संरक्षित पाणथळीत अतिक्रमण करणे, भराव टाकणे, कचरा टाकणे किंवा सांडपाणी सोडणे यांस मनाई आहे. तथापि, भातशेते, तसेच खास पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी बांधलेले जलाशय यांना त्या नियमांतील पाणथळीच्या व्याख्येतून वगळले आहे. म्हणजे पक्षी जेथे मोठ्या संख्येने उतरतात, अशी पुष्कळशी शेते व तळी या नियमांच्या कक्षेत आपोआप येत नाहीत. तेथे गावाचा विवेक हाच मुख्य आधार उरतो.

गावाने ठेवावयाची नोंद

विवेकाला माहितीची जोड नसेल, तर ग्रामसभेतील चर्चा मोठ्या आवाजावर निकालात निघते. पूर्वी पक्षी पुष्कळ येत, आता येत नाहीत, असे एकजण म्हणतो. दुसरा ते नाकारतो. कोणाजवळच पुरावा नसतो. गोव्याच्या पक्ष्यांची एक यादी डॉ. सलीम अली व रॉबर्ट ग्रुब यांनी १९७६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यामुळे राज्याच्या पक्षिजीवनाचा तुलनेसाठी एक आधार उपलब्ध झाला. गावाच्या तळ्यासाठी असा आधार गावानेच निर्माण करावयाचा आहे, आणि हे काम शाळा उत्तम प्रकारे करू शकते.

निरीक्षणास सकाळी सूर्योदयानंतरचे दोन तास उत्तम. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी. कपडे मातकट वा हिरवट रंगाचे असावेत. बोलणे हळू असावे. आठ पट मोठे दाखविणारी साधी दुर्बीण पुरेशी आहे. पाचसहा विद्यार्थ्यांत एक दुर्बीण असली तरी काम भागते. पक्षी माना ताठ करून एकाच दिशेला पाहू लागले की निरीक्षक फार जवळ आला, असे समजावे आणि मागे सरावे. छायाचित्रासाठी थवा उडविणे हे निरीक्षण नव्हे. लांबचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला प्रत्येक अनावश्यक उड्डाणात साठविलेली शक्ती खर्च करावी लागते.

पक्षी ओळखताना प्रथम आकार पाहावा: तो चिमणीएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? नंतर चोच, पाय, शेपटी, चाल व उड्डाण पाहावे. रंगावर एकदम विसंबू नये, कारण शरदात अनेक पक्ष्यांचा विणीच्या काळातील पोशाख उतरलेला असतो. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची ती डौलदार शेपटी या दिवसांत गळालेली असते; बदकांचे नरही नुकते आले असता मादीसारखे फिके दिसू शकतात. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी तुतवार’ अशी प्रामाणिक नोंद करावी. चुकीच्या नावापेक्षा ती अधिक उपयोगी असते.

मोठा थवा मोजण्याची रीत सोपी आहे. प्रथम दहा पक्षी नीट मोजून त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत भरून घ्यावी. मग तशा किती जागा थव्यात मावतात ते पाहावे. दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे मोजून आकडे ताडून पाहावेत.

या सर्वांबरोबर एक नोंद अशी आहे, जी बहुधा कोणी ठेवीत नाही आणि जी सर्वांत महत्त्वाची आहे: ती म्हणजे पाण्याची पातळी. मानशीजवळ किंवा काठावर एक खांब रोवून त्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगाची खूण करावी. दर पंधरवड्याला, शक्यतो ठरलेल्या वारी व वेळी, पुढील गोष्टी वहीत लिहाव्यात: दिनांक व वेळ, खांबावरील पाण्याची पातळी, मानस उघडी की बंद, पक्ष्यांची नावे व संख्या, ते काय करीत होते, कुत्री, जाळी, वाहने, कचरा यांचा उपद्रव, आणि काठच्या शेतांत चाललेले काम. ज्या दिवशी एकही बदक दिसले नाही, त्या दिवशी ‘शून्य’ लिहावे. रिकामी जागा आणि शून्य यांत फरक आहे. रिकाम्या जागेचा अर्थ कोणी पाहिले नाही; शून्याचा अर्थ पाहिले, पण नव्हते.

अशी वही तीनचार वर्षे चालली की तिच्यातून काही गोष्टी स्पष्ट होऊ लागतात. कोणत्या पातळीला बदके स्थिरावतात, दार उघडल्यावर किती दिवसांत उठून जातात, कोणत्या उपद्रवानंतर ती परत येत नाहीत, हे दिसू लागते. मात्र एका वर्षाच्या आकड्यावरून अनुमान काढू नये. ज्या वर्षी पाऊस लांबतो, त्या वर्षी देशभर पाणी विपुल असते व पक्षी विखुरतात; आपल्या तळ्यावर कमी दिसले म्हणजे नष्ट झाले, असे नव्हे. म्हणूनच गावाची नोंद देशाच्या नोंदीशी जोडणे आवश्यक आहे. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. शाळेच्या वहीतील आकडे तिला व ‘ई-बर्ड’ या खुल्या नोंदसंग्रहाला देता येतात.

अशाच लक्षावधी नोंदींच्या आधारे २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ९४२ जातींचा विचार करण्यात आला असून १७८ जातींकडे तातडीने लक्ष देण्याची गरज व्यक्त झाली आहे. ज्या जातींची संख्या विशेष घटल्याचे आढळले, त्यांत तलवार बदक, चक्रांग, सामान्य तुतवार आणि नीलपंख यांचा समावेश आहे. हे दुर्मीळ अरण्यपक्षी नव्हेत. शेताच्या बांधावरून दिसणारे, नेहमीचे म्हणून कोणी न मोजलेले असे हे पक्षी आहेत.

कोणी काय करावे?

ग्रामस्थांनी व शेतकरी संघटनांनी पावसाळा संपण्यापूर्वीच एकत्र बसून मानशीचे वेळापत्रक ठरवावे. शेती, मासळी व पक्षी यांच्या गरजा एकाच कागदावर मांडाव्यात आणि पाणी टप्प्याटप्प्याने उतरविण्याच्या तारखा नोंदवाव्यात. मासळीचा लिलाव देताना दार हाताळण्याची अट त्यात स्पष्ट लिहावी. कापणीनंतरची धसकटे जाळू नयेत. त्यांतील दाणे व किडे हेच पाहुण्यांचे अन्न होय. कीटकनाशके अपरिहार्य असतील तेथेच व सांगितलेल्या प्रमाणातच वापरावीत, आणि रिकामे डबे पाण्यात धुऊ नयेत. तुटलेली नायलॉन जाळी काठावर टाकून देऊ नये. पाय अडकलेला पक्षी तीतून सुटत नाही.

पंचायतींनी जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन झालेल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे शाळेच्या वहीची प्रत द्यावी व ती माहिती लोक जैवविविधता नोंदवहीत समाविष्ट करावी. पीक नुकसानीची तक्रारही त्याच नोंदवहीत यावी. कृषी, जलस्रोत, मत्स्योद्योग व वन या खात्यांच्या अधिकाऱ्यांनी बांधाच्या दुरुस्तीचा अंदाज करताना पाणथळीच्या हंगामाचा विचार करावा. ऐन डिसेंबरात तळे रिकामे करून दुरुस्ती काढण्यापेक्षा पक्षी परतल्यानंतरचा काळ निवडावा.

शिक्षकांना या कामासाठी एक सोयीचा मुहूर्त आहे. १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. त्यांचा जन्म १८९६ सालचा आणि मृत्यू १९८७ सालचा. अरण्यऋषी म्हणून ओळखले गेलेले मराठी लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. त्या आठवड्यात भाषणांबरोबर तळ्याकाठी पहिला खांब रोवला गेला आणि वहीचे पहिले पान लिहिले गेले, तर तो सप्ताह वर्षभर पुरेल.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील तळ्याचे किंवा खाजनाचे दार कोण हाताळतो, कोणाच्या सांगण्यावरून व कोणत्या महिन्यांत, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा.
२. एकाच सकाळी चिखलात, घोटाभर पाण्यात व खोल पाण्यात दिसलेल्या पक्ष्यांच्या तीन याद्या करा. त्यांच्या चोची व पायांची चित्रे काढून तुलना करा.
३. खांबावरील पाण्याची पातळी दहा सेंटिमीटरने उतरल्यावर कोणते पक्षी वाढले व कोणते घटले, ते पाहा.
४. पक्ष्यांमुळे नुकसान झाले असे सांगणाऱ्या एका शेतकऱ्याची भेट घ्या. कोणता पक्षी, कोणत्या पिकात, केव्हा, हे विचारून लिहा.

नंदा तळ्याचे नाव आज जागतिक यादीत असले, तरी तेथील दार अजूनही माणसाच्या हातानेच लागते व उघडते. हेच प्रत्येक लहानमोठ्या तळ्याबाबत खरे आहे. हजारो किलोमीटरांचा प्रवास करून आलेले बदक शेवटी एका गावाच्या पाण्यावर विश्वासून उतरते. त्याला तेथे वीतभर पाणी मिळेल की वाळलेला चिखल, हे बहुधा त्याच्या येण्यापूर्वी काही दिवस, मानशीच्या काठावर उभ्या असलेल्या चारसहा माणसांच्या बोलण्यात ठरून गेलेले असते. त्या बोलण्यात पाहुण्यांची आठवण ठेवणे, एवढेच संरक्षणाचे पहिले पाऊल होय.